आठ लाख परार्ध वाटा आणि एक मंत्रिमंडळ

1967 सालच्या फेब्रुवारीत पश्चिम बंगाल विधानसभेचे निकाल लागले. त्यातले चार आकडे ध्यानात ठेवले की पुढची गोष्ट समजायला सोपी जाते. एकूण जागा 280. बहुमताला 141. काँग्रेसकडे 127. आणि काँग्रेसला बाजूला ठेवून सरकार बनवायला एकत्र आलेले पक्ष 14. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं राज्य करणाऱ्या काँग्रेसला नेमके 14 आमदार कमी पडले होते. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन स्वतः आरामबागमध्ये हजाराहून कमी मतांनी पडले. त्यांना पाडणारे अजय मुखर्जी साधारण वर्षभरापूर्वीपर्यंत त्यांच्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. पदावरून दूर केल्यावर त्यांनी बांगला काँग्रेस काढली आणि पहिल्याच झटक्यात 34 जागा आणल्या.

आता या 14 पक्षांकडे बघा. माकपकडे 43 आमदार. भाकपकडे 16. हे दोघे 1964 पर्यंत एकाच कम्युनिस्ट पक्षात होते आणि फुटल्यापासून त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. सुभाषबाबूंचा वारसा सांगणारा फॉरवर्ड ब्लॉक 13. दोन समाजवादी पक्ष, प्रत्येकी 7. डावाच आरएसपी 6. पुरुलियाचा लोकसेवक संघ 5. मानभूममधल्या बंगालीभाषकांनी 1956 साली पुरुलिया बिहारमधून बंगालमध्ये आणला, त्या लढ्यातले हे लोक. संयुक्त महाराष्ट्राची आठवण असलेल्या वाचकाला ही जात ओळखीची वाटेल. छोटा डावा पक्ष एसयूसी 4. दार्जिलिंगची गोरखा लीग 2, वर्कर्स पार्टी 2, आणि आणखी चिल्लीपिल्ली. हे सगळे निवडणुकीला एकत्र गेले नव्हते. दोन वेगळ्या आघाड्या होत्या आणि कित्येक मतदारसंघांत त्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. महिनाभर ज्याला व्यासपीठावरून झोडपलं, त्याच्याच शेजारी बसून खातेवाटप करायचं होतं आणि हाताशी मोजके दिवस होते.

मला या गोष्टीत सगळ्यात थक्क करतो तो हा वेळेचा आणि शक्यतांचा व्यस्त हिशेब. राजकारणाची पुस्तकं तो फारशी मांडत नाहीत. म्हणून इथे नीट मांडतो.

14 पक्षांतल्या प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा स्वतंत्र बोलायचं ठरवलं तर 91 बैठका होतात. एका बैठकीला फक्त तासभर धरला, तरी अखंड जवळपास चार दिवस आणि चार रात्री. हा झाला सगळ्यात साधा आकडा. या 14 जणांतून आतल्या आत किती वेगवेगळे गट जमू शकतात? 16 हजार 383. आणि सगळ्या 14 जणांची गटागटांत विभागणी किती प्रकारे होऊ शकते, म्हणजे कोण कुणाच्या कोंडाळ्यात आणि कोण एकटा, याचे सगळे नकाशे मोजले तर 19 कोटी 8 लाख 99 हजार 322. आघाडीत कोण आधी आला आणि कोण मागून आला, यालाही वाटाघाटीत किंमत असते, कारण शेवटी येणारा स्वतःचा भाव वाढवून येतो. 14 जणांच्या येण्याचे क्रम 8717 कोटी 82 लाख 91 हजार 200. लॉइड शॅप्ली आणि मार्टिन शुबिक या दोघांनी 1954 साली याच क्रमांवरून राजकीय ताकद मोजायची रीत काढली: किती क्रमांत तुमच्या येण्यानं बहुमत पुरं होतं, तेवढी तुमची खरी ताकद. शॅप्लींना पुढे 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खाती. नेमकी किती होती हा वाद बाजूला ठेवून हिशेबापुरती फक्त 20 धरू: गृह, अर्थ, अन्न, जमीन, कामगार, शिक्षण वगैरे. प्रत्येक खातं 14 पैकी कुठल्याही पक्षाला देता येतं. म्हणजे 14 ला 14 नं असे करत 20 वेळा गुणायचं. येणारी संख्या 23 अंकी आहे. आपल्या जुन्या मोजणीत सगळ्यात वरची पायरी परार्ध, म्हणजे 1 वर 17 शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यादी तिथेच थांबवली. 14 पक्षांत 20 खाती वाटण्याचे प्रकार सुमारे 8 लाख 36 हजार परार्ध. सेकंदाला एक यादी तपासली तर सगळ्या याद्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या, म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षांच्या, जवळपास 1 लाख 90 हजार पट काळ लागेल. यात मंत्र्यांची नावं अजून आलेलीच नाहीत.

कोलकात्यात हे काम मोजक्या दिवसांत उरकलं. मार्चच्या सुरुवातीला या 14 पक्षांच्या संयुक्त आघाडीचं सरकार शपथ घेऊन मोकळं झालं. अजय मुखर्जी मुख्यमंत्री, ज्योती बसू उपमुख्यमंत्री. 18 कलमी कार्यक्रम शहरातल्या प्रचंड सभेत जाहीर झाला होता.

एवढ्या अफाट शक्यतांमधून एक वाट इतक्या लवकर कशी सापडली, याचं उत्तर पुन्हा आकड्यांतच आहे. 43 आमदारांचा माकप मोठा भाऊ. तरी मुख्यमंत्रिपद 34 वाल्यांकडे गेलं. का गेलं? 34 अधिक काँग्रेसचे 127 म्हणजे 161. बांगला काँग्रेसला मागचं दार उघडं होतं. काल सोडलेल्या घरात ती परत जाऊ शकत होती आणि गेली असती तर सरकार काँग्रेसचं आलं असतं. माकप त्या दारातून जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे 43 चा आकडा कागदावर मोठा आणि टेबलावर लहान ठरला. वाटाघाटीत तुमच्याकडे किती आहेत यापेक्षा तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता का, याला वजन येतं. भाकपचे 16 काँग्रेसला मिळाले असते तर 143, बहुमत झालं असतं. फॉरवर्ड ब्लॉकचे 13 मिळाले असते तर 140, अगदी एकानं हुकलं असतं.

पण हाच फॉरवर्ड ब्लॉक उलट्या बाजूनं बघा. काँग्रेस सोडून सभागृहातले झाडून सगळे एकत्र आले असं धरलं, तरी 280 वजा 127 म्हणजे 153. त्यातून 13 गेले की उरतात 140. बहुमत संपलं. म्हणजे सरकार पाडण्याच्या ताकदीत 13 आणि 43 अगदी सारखे. तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान पक्षाच्या हातात मोठ्याइतकीच दोरी. बहुमत निसटतं असलं की लहान-मोठा हा भेद राहत नाही. राहतो तो फक्त ‘यांच्यावाचून अडतं’ आणि ‘यांच्यावाचून अडत नाही’ एवढाच भेद.

खात्यांच्या वाट्याचंही असंच. विल्यम गॅमसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1961 साली एक अंदाज मांडला होता: आघाडीत जो पक्ष जितक्या जागा घेऊन येतो, तितक्या प्रमाणात तो मंत्रिपदं मागतो. युरोपातल्या आघाडी सरकारांच्या अभ्यासात हा अंदाज बऱ्यापैकी खरा निघाला, फक्त लहान पक्षांना थोडं झुकतं माप मिळताना दिसलं. 1967 च्या बंगालला ही मोजपट्टी लावा. 20 मंत्रिपदं आणि 153 आमदार धरले तर माकपच्या वाट्याला साडेपाच, बांगला काँग्रेसच्या वाट्याला साडेचार येतात, आणि 4 आमदारांच्या एसयूसीच्या वाट्याला अर्धा मंत्री. 2 आमदारांच्या पक्षाला पाव मंत्री. अर्धा आणि पाव मंत्री करता येत नाही. करायचा तर अख्खाच करावा लागतो, आणि मग त्याच्याकडे जे खातं येतं तेही अख्खंच येतं.

एसयूसीचे सुबोध बॅनर्जी कामगारमंत्री झाले. 280 पैकी 4 आमदार म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. पण कोलकाता, हावडा, हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्या, इंजिनिअरिंगचे कारखाने, या सगळ्याची कामगारनीती त्या दीड टक्क्याच्या हाती आली. व्यवस्थापकाला त्याच्या खोलीत तासन्‌तास अडवून धरायचं, ही घेरावाची रीत त्या वर्षी कारखान्याकारखान्यांत पोचली. पोलिसांनी कामगारमंत्र्यांना विचारल्याशिवाय त्यात पडू नये, अशा आशयाची परिपत्रकं सरकारनं काढली. 29 सप्टेंबर 1967 रोजी कलकत्ता उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. कामगारांच्या बाजूनं उभा राहणारा मंत्री त्या काळी हवाच होता असं मला वाटतं. गिरण्यांतली परिस्थिती तशीच होती. प्रश्न वेगळा आहे. ती परिपत्रकं काढण्याचा निर्णय 14 पक्षांनी मिळून घेतला होता का? की ज्याच्याकडे खातं त्याचा निर्णय, आणि परिणाम मात्र सगळ्यांनी भोगायचे? पोलीस खातं मुख्यमंत्र्यांकडे, कामगार खातं एसयूसीकडे, जमीन खातं माकपच्या हरेकृष्ण कोनारांकडे. मे महिन्यात नक्षलबारीत जमिनीवरून ठिणगी पडली. 25 मे 1967 च्या पोलीस गोळीबारात 11 जण मेले, त्यांत बहुसंख्य बायका, आणि मुलंसुद्धा. तिथे जमीनमंत्री एका बाजूनं आणि गृहखातं दुसऱ्या बाजूनं ओढत होतं. सरकार एकच, पण प्रत्येक खातं आपापल्या पक्षाच्या हिशेबानं चालत होतं.

नोव्हेंबरात दोरी तुटली. अन्नमंत्री प्रफुल्लचंद्र घोष, 1947 साली पश्चिम बंगालचे पहिले मुख्यमंत्री राहिलेले, 17 आमदार घेऊन बाहेर पडले. 127 आणि 17 म्हणजे 144. राज्यपाल धर्मवीर यांनी 21 नोव्हेंबर 1967 रोजी सरकार बरखास्त करून घोषांना मुख्यमंत्री केलं. सभापती विजयकुमार बॅनर्जी यांनी ही नेमणूकच मानली नाही आणि सभागृह बेमुदत तहकूब केलं. घोषांचं मंत्रिमंडळ तीन महिने टिकलं. 20 फेब्रुवारी 1968 ला राष्ट्रपती राजवट आली.

इथपर्यंतची गोष्ट वाचून कुणीही म्हणेल की बहुमत निसटतं होतं म्हणून सरकार पडलं. मलाही हा निष्कर्ष सोपा आणि सोयीचा वाटला असता, जर पुढे 1969 झालं नसतं.

फेब्रुवारी 1969 च्या मध्यावधी निवडणुकीत संयुक्त आघाडी एकत्र उतरली. जागावाटप आधी केलं, 32 कलमी कार्यक्रम आधी ठरवला. 280 पैकी 214 जागा मिळाल्या. काँग्रेस 55 वर आली. आता बहुमताच्या वर 73 आमदारांची शिल्लक होती. बांगला काँग्रेसचे 33 गेले तरी 181 उरत होते. भाकपचे 30 गेले तरी चिंता नाही, फॉरवर्ड ब्लॉकचे 21 गेले तरी नाही. एकट्यानं सरकार पाडू शकेल असा पक्ष आता एकच, 80 जागांचा माकप. 13 आणि 43 सारखे असण्याचे दिवस गेले होते. गणिताच्या दृष्टीनं हे सरकार दगडासारखं भक्कम होतं.

घोडं अडलं ते गृहखात्यावर. माकप आता आघाडीतला सगळ्यात मोठा पक्ष होता आणि मुख्यमंत्रिपदावर त्याचा हक्क पोचत होता. चर्चेचं गुऱ्हाळ चाललं आणि अखेर तोडगा निघाला: मुख्यमंत्री पुन्हा अजय मुखर्जी, पण पोलीस खातं उपमुख्यमंत्री ज्योती बसूंकडे. 25 फेब्रुवारीला शपथविधी झाला. वरून बघता हा समजूतदार तोडगा आहे. एकाला मान, दुसऱ्याला सत्ता. पण यातून राज्याचा मुख्यमंत्री असा झाला की ज्याच्या हुकमानं एक हवालदारही हलत नव्हता. घटक पक्ष गावोगाव जमिनी ताब्यात घेण्यावरून आणि कामगार संघटना बळकावण्यावरून एकमेकांशी मारामाऱ्या करत होते. मंत्रिमंडळात शेजारी बसलेल्या पक्षांचे कार्यकर्ते शेतात एकमेकांची डोकी फोडत होते. 31 जुलैला खुद्द पोलीसच विधानभवनात घुसले, मोडतोड केली आणि ज्योती बसूंच्या दालनापर्यंत पोचले. बसू जागचे हलले नाहीत, त्यांनी समोर उभं राहून त्यांना परत पाठवलं.

मग 1 डिसेंबर 1969 उजाडला. राजभवनाला लागून असलेल्या कर्झन पार्कमध्ये एक वयस्क, खादीधारी गृहस्थ उपोषणाला बसले. 1942 च्या ‘चले जाव’ चळवळीत तमलूकमध्ये ब्रिटिशांना न जुमानता जे ताम्रलिप्त जातीय सरकार चाललं, त्याच्या अग्रणींपैकी ते एक. त्यांची मागणी होती की राज्यातली अराजकता थांबवावी. मागणी ज्यांच्याकडे करायची ते राज्याचे मुख्यमंत्री. आणि मुख्यमंत्री तेच होते. अजय मुखर्जींनी आपल्याच सरकारला असभ्य आणि रानटी म्हटलं. चालत काही मिनिटांवर लाल विटांची रायटर्स बिल्डिंग उभी होती, तिथे त्यांची स्वतःची खुर्ची होती, त्यांच्या सहीच्या फायली होत्या. त्यांचे धाकटे बंधू विश्वनाथ मुखर्जी याच मंत्रिमंडळात भाकपचे मंत्री होते. भारताच्या इतिहासात मुख्यमंत्र्यानं स्वतःच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उपोषण केल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. त्या माणसाची तगमग खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण तो खातेवाटपाचा कागद त्यांनीच मान्य केला होता.

16 मार्च 1970 ला त्यांनी राजीनामा दिला. 214 आमदारांचं सरकार 384 दिवस जगलं.

हा आकडा किती छोटा आहे ते समजायला बेल्जियमकडे बघा. तिथे 13 जून 2010 ला निवडणूक झाली आणि सहा पक्षांचं मंत्रिमंडळ 6 डिसेंबर 2011 ला शपथ घेतं झालं. वाटाघाटींना 541 दिवस. म्हणजे बेल्जियमनं जेवढा वेळ नुसता बोलण्यात घालवला, तेवढ्यात कोलकात्यात सरकार शपथ घेऊन, भांडून, पडून, वर पाच महिने उरले असते. त्या 541 दिवसांची जगभर चेष्टा झाली. मला ती चेष्टा तेव्हाही पटली नव्हती. जे भांडण मंत्रिमंडळात होणारच आहे ते शपथविधीच्या आधी झालेलं परवडतं, कारण तेव्हा त्याची किंमत पक्ष मोजतात; नंतर झालं की गावं मोजतात.

1971 चा निकाल तर अजब होता. माकप 113 जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष झाला, इंदिरा गांधींची काँग्रेस 105 वर होती, आणि मुख्यमंत्री झाले अजय मुखर्जी, ज्यांच्या पक्षाकडे 5 आमदार होते. बरानगरमध्ये ते ज्योती बसूंकडून हरले होते; तमलूकमधून निवडून आले म्हणून सभागृहात तरी होते. 5 आमदारांवर उभं राहिलेलं ते मंत्रिमंडळ तीन महिनेही टिकलं नाही.

मग 1977. आणीबाणी उठली होती, हवा जनता पक्षाची होती. माकप आणि मित्रपक्षांच्या डाव्या आघाडीनं जनता पक्षाला निम्म्याहून जास्त जागा देऊ केल्या, मुख्यमंत्रिपदही प्रफुल्लचंद्र सेनांना द्यायची तयारी दाखवली. तेच सेन, 1967 ला आरामबागमध्ये पडलेले. जनता पक्षाला याहून बऱ्याच जास्त जागा हव्या होत्या. बोलणी फिसकटली. निकाल लागला तेव्हा 294 पैकी जनता पक्षाकडे 29 होत्या आणि डाव्या आघाडीकडे 230 च्या घरात. देऊ केलेल्या निम्म्यांवर समाधान न मानणं एवढं महाग क्वचितच कुणाला पडलं असेल.

या 230 मध्ये एकट्या माकपच्या 178 होत्या. बहुमताला 148 लागत होत्या. म्हणजे फॉरवर्ड ब्लॉकचे 25 गेले, आरएसपीचे 20 गेले, उरलेले सगळे गेले, तरी माकप एकटा राज्य करू शकत होता. शॅप्ली आणि शुबिक यांच्या मोजपट्टीवर मित्रपक्षांची ताकद शून्य. पूर्ण शून्य. ज्यांच्यावाचून काहीच अडत नाही अशांना कुणी मंत्रिपद का द्यावं?

पण दिलं. फॉरवर्ड ब्लॉकचे कमल गुहा कृषिमंत्री झाले, आरएसपीचे जतीन चक्रवर्ती सार्वजनिक बांधकाममंत्री. पुढची 34 वर्षं, सात निवडणुकांतून, ही आघाडी सत्तेत राहिली. 384 दिवसांच्या जागी 12 हजारांहून जास्त दिवस. त्याच शहरात, त्याच राज्यात, बहुतेक त्याच पक्षांकडून, आणि बऱ्याच अंशी त्याच माणसांकडून. ज्योती बसू तर दोन्हीकडे होते.

काय बदललं होतं? माकपचे राज्य सचिव प्रमोद दासगुप्ता यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र त्यात मोलाचं आहे. ज्या मतदारसंघात आघाडीतल्या ज्या पक्षाची मतं जास्त, तिथे उमेदवार त्याचाच, चिन्ह त्याचंच. ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण 1969 मध्ये रक्त सांडलं ते याच प्रश्नावर: कुणाच्या रानात कुणी शिरायचं. या सूत्रानं हद्दी आखल्या. कुणालाही शेजाऱ्याचा मतदारसंघ खाऊन मोठं होता येणार नव्हतं. त्याला 36 कलमी कार्यक्रमाची जोड होती आणि आघाडीची समिती होती, जिच्या बैठका सरकार असेपर्यंत चालू राहिल्या. मित्रपक्षांची नाराजी संपली असं अजिबात नाही. थोरल्या भावाचा वरचष्मा त्यांना सलत होता, गावपातळीवर त्यांच्यात हाणामाऱ्याही झाल्या. 14 मार्च 2007 ला नंदीग्राममध्ये पोलीस गोळीबारात 14 जण मेले तेव्हा आरएसपी आणि फॉरवर्ड ब्लॉक जाहीरपणे सरकारवर तुटून पडले. तरी सरकारातून बाहेर कुणी पडलं नाही. आणि इतकी वर्षं एकत्र राहण्याची किंमतही होती. नंदीग्रामनंतर मित्रपक्षांनी बाहेर पडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शून्य ताकदीचे मित्र आपोआप टिकतात असंही नाही. 2011 ला ममता बॅनर्जींच्या तृणमूलकडे 184 जागा होत्या, सोबत लढलेल्या काँग्रेसकडे 42. तृणमूलला काँग्रेसची गरज नव्हती, अगदी 1977 च्या माकपसारखीच स्थिती. काँग्रेसला मंत्रिपदं मिळाली. सोळा महिन्यांनी, सप्टेंबर 2012 मध्ये, तृणमूलनं दिल्लीतल्या सरकारचा पाठिंबा काढला आणि कोलकात्यातल्या काँग्रेस मंत्र्यांनी राजीनामे दिले. गणित 1977 सारखंच, पण भांडण सोडवायला ना हद्दी होत्या ना समिती.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. 2019 ला महाविकास आघाडीचे तीन पक्ष 56, 54 आणि 44 घेऊन एकत्र आले. बेरीज 154, बहुमताला 145. तिघांपैकी कुणीही उठला तरी सरकार खाली, म्हणजे 44 आणि 56 सारखेच. कोलकात्याच्या 13 आणि 43 सारखे. घटनेच्या 91 व्या दुरुस्तीप्रमाणे मंत्री सभागृहाच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नेमता येत नाहीत, म्हणजे आपल्याकडे 43. त्या 154 आमदारांतून 43 मंत्री निवडण्याचे प्रकार मोजले तर 39 अंकी संख्या येते. निकाल 24 ऑक्टोबरचा, मुख्यमंत्र्यांची शपथ 28 नोव्हेंबरची, विस्तार 30 डिसेंबरचा. 2022 ला शिवसेना फुटली, सरकार गेलं, आणि 30 जूनपासून 9 ऑगस्टपर्यंत अख्ख्या राज्याचं मंत्रिमंडळ दोन जणांचं होतं. ऐन पावसाळ्यात, पेरणीच्या आणि पुराच्या दिवसांत. 2024 ला भाजपला 132, शिवसेनेला 57, राष्ट्रवादीला 41 जागा मिळाल्या. भाजपला 13 कमी पडतात आणि त्या दोघांपैकी कुणीही एक भरून देऊ शकतो, म्हणून 57 आणि 41 यांची ताकद पुन्हा सारखी. एवढं बहुमत असूनही निकालापासून खातेवाटपाला 23 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर लागले.

दर वेळी आपल्या बातम्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: गृह कुणाला, अर्थ कुणाला, नगरविकास कुणाला, कुणाचा रुसवा कोण काढणार, पालकमंत्री कोण होणार. मलईदार खात्यांची यादी शाळकरी पोरांनाही पाठ असते. कोलकात्याचा दहा वर्षांचा अनुभव सांगतो की सरकार त्या यादीवर तरत नाही. 1969 च्या यादीत सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. नव्हती ती एकच गोष्ट: दोन मंत्र्यांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलेलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात आघाडीचा किंवा युतीचा उमेदवार आला की त्याला तेवढंच विचारा. मित्रपक्षाच्या मंत्र्याशी तुमचं वाजलं तर निर्णय कुठे होणार, कोण करणार, आणि ते कुठे लिहून ठेवलंय? कागद दाखवता आला तर उत्तम. नाही आला, तर शपथविधीच्या आधीच त्याला तो लिहायला लावा.